धरणाच्या पाण्यावर एक रात्र

वऱ्हाडातल्या मुलांना नदी ठाऊक असते ती बहुधा दोन रूपांत: पावसाळ्यात गढूळ पाण्याने दुथडी भरलेली, आणि मे महिन्यात वाळूचा पट्टा झालेली. बारा महिने पसरलेले पाणी पाहायचे तर धरणावर जावे लागते. आपण जातोही, पण भिंतीवर उभे राहतो, ‘केवढे हे पाणी!’ म्हणतो, डबे उघडतो आणि संध्याकाळी परततो. त्या पाण्याचे दिवसाचे आणि रात्रीचे काय चालते, हे तेवढ्यात कळत नाही.

ते पाहावे म्हणून मी आणि माझा एक मित्र फेब्रुवारीच्या अखेरीस एका शनिवारी ऊर्ध्व वर्धा धरणाच्या जलाशयावर मुक्कामाला गेलो. आम्ही दोघेही शाळेत विज्ञान शिकवतो. मी अमरावतीला, तो अकोल्याला. सामान थोडेच होते: एक तंबू, दोन पांघरुणे, पिठले-भाकरी, दोन तापमापके, मीटर-मीटरवर गाठी मारलेली दोरी, एक पांढरी ताटली, बूच असलेली काचेची बाटली आणि उभ्या कडांचे एक पसरट भांडे. मित्राने दोन जीवरक्षक जाकिटेही आणली होती. ती पाहून मला हसू आले. दुपारपर्यंत ते मावळले.

वर्धा नदी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईच्या परिसरात उगम पावते. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे तिला अडवले आहे. १९९३ साली पूर्ण झालेल्या या धरणाला १३ दरवाजे आहेत. जलाशयाचे नाव नल-दमयंती सागर. त्याचा उपयुक्त साठा ५६४ दशलक्ष घनमीटर असून अमरावती शहर हेच पाणी पिते. आम्ही धरणाच्या भिंतीपासून दूर, वरच्या अंगाच्या काठावर गेलो. परवानगी आधीच काढली होती आणि एका अनुभवी मासेमाराचा डोंगा ठरवला होता.

डोंग्यात उभे राहू नका

डोंगा लाकडी, सपाट तळाचा. काठ सोडून पन्नास पावले गेलो असू, तोच मित्र बगळा दाखवण्यासाठी उभा राहिला. डोंगा एका अंगाला कलला.

“गुरुजी, डोंग्यात उभं राहू नोका. खाली बसा!” नावाडी ओरडला.

मित्र मटकन खाली बसला आणि डोंगा पुन्हा सरळ झाला. असे का व्हावे? डोंगा आणि आत बसलेली माणसे यांचे सारे वजन एका बिंदूतून खाली ओढते असे मानता येते. तो गुरुत्वमध्य. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे बाजूला सारलेले पाणी डोंग्याला वर उचलते. डोंगा डावीकडे कलला की डावी बाजू पाण्यात अधिक बुडते, त्यामुळे वर उचलणाऱ्या जोराची जागाही डावीकडे सरकते आणि डोंगा सरळ होऊ पाहतो. माणसे खाली बसलेली असली की गुरुत्वमध्य खाली राहतो आणि हा जोर पुरा पडतो. माणूस उभा राहिला की गुरुत्वमध्य वर चढतो. डोंगा कलताच तो बुडत्या बाजूच्याही पलीकडे गेला, तर वजनच डोंग्याला उलटवते.

जास्त माणसे बसवली तर आणखी एक धोका असतो. डोंगा खोल बसतो, काठ पाण्याच्या जवळ येतो आणि जराशा कलण्यानेही पाणी आत शिरते. याच वर्धा नदीवर वरुड तालुक्यात झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटली आणि अकरा जण बुडाले. म्हणून मित्रांनो, जाकीट पोहता न येणाऱ्यासाठीच असते असे समजू नका. नावेत पाय ठेवण्यापूर्वीच ते अंगात हवे.

ताटली आणि बाटली

पाणी खोल झाल्यावर आम्ही पांढरी ताटली दोरीने बांधून सोडली. ती दिसेनाशी झाली तेव्हा दोरी एक मीटर आणि वर चार बोटे बुडाली होती. ही पद्धत सोपी असली तरी जुनी आणि मान्यताप्राप्त आहे. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशाच तबकड्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. आजही तळी आणि समुद्र यांच्या अभ्यासात ‘सेक्की तबकडी’ वापरतात. तबकडी जिथे दिसेनाशी होते त्याच्या साधारण दुप्पट-अडीचपट खोलीपर्यंत शैवालाला पुरेल इतका प्रकाश पोचतो. म्हणजे आमच्या डोंग्याखाली अडीच मीटरांपुढे जवळजवळ अंधारच होता.

मग बाटलीची पाळी आली. तिला दगड बांधला, बुचाला वेगळी सुतळी बांधली आणि ती बंद बाटली खाली सोडली. हव्या त्या खोलीवर सुतळीला हिसका दिला की बूच निघते, बुडबुडे वर येतात आणि तिथलेच पाणी बाटलीत भरते. ती चटकन वर ओढून तापमान पाहायचे. दुपारी साडेबाराला पृष्ठभागाचे पाणी २६ अंश सेल्सिअस, तीन मीटरांवर साडेतेवीस आणि सहा मीटरांवर २३ अंश भरले. वरचा ऊन थर हलका, खालचा थंड थर जड. तेल पाण्यावर तरंगावे तसा एक थर दुसऱ्यावर पसरला होता.

दुपारचा वारा

तीनच्या सुमारास पाण्यावर काळपट सुरकुत्या दिसू लागल्या. पाहता पाहता लाटा उठल्या. आम्हाला समोरच्या तीरावर परतायचे होते. पण नावाड्याने डोंगा वळवला.

“आता मधातून जाणं नाही. हाच काठ धरू. वारा पडला का मंग पाहू.”

त्याने पुस्तक वाचले नव्हते, पण नियम अचूक ओळखला होता. लाट किती मोठी होईल ते तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो, आणि मोकळ्या पाण्यावरून त्याला धावायला किती अंतर मिळते. गावतळ्यात वाऱ्याला अशी धाव मिळत नाही. विस्तीर्ण जलाशयात ती मिळते, म्हणून ज्या वाऱ्यात काठावर नुसता धोतराचा सोगा उडतो, त्याच वाऱ्यात मधल्या पाण्यात डोंगा हेलकावतो.

वारा दुपारीच का सुटतो? सकाळपासून जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या थरातली वेगवान हवा खाली येऊन तिच्यात मिसळते. सूर्य कलला की ही उलाढाल थांबते. सहा वाजता पाणी खरोखरच शांत झाले. पण तोवर अंधार पडू लागला होता. नावाड्याने रात्री पलीकडे जायचे नाकारले. वाऱ्याने नेमून दिलेल्या काठावरच आम्ही तंबू ठोकला.

रात्री पाणी उलटते

जेवण झाल्यावर मृग नक्षत्र डोक्यावर आले. पाण्यावरून चक्रवाकांची साद येत होती. कवींनी विरही ठरवलेले हे नारिंगी पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडे परततात.

आम्ही दर दोन-तीन तासांनी हवेचे आणि काठच्या पाण्याचे तापमान वहीत लिहीत होतो. दुपारी तीनला हवा ३१ अंश आणि पाणी २६. रात्री नऊला हवा २१ आणि पाणी २५. पहाटे साडेपाचला हवा १४ अंशांवर उतरली होती, पाणी मात्र साडेतेवीस! हवा सतरा अंशांनी उतरली, पाणी जेमतेम अडीच. बोटे बधिर झाली होती. ती पाण्यात घातली तर ऊब लागली. सारख्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाण्याला एक अंश तापवण्यासाठी सुमारे पाचपट उष्णता लागते. जे सावकाश तापते ते सावकाश निवते.

उजाडताच पुन्हा डोंग्यात बसून बाटली सोडली. पृष्ठभागावर साडेतेवीस, तीन मीटरांवर साडेतेवीस, सहा मीटरांवर २३. काल दुपारचा तो ऊन थर नाहीसा झाला होता! रात्रभर वरचे पाणी निवत होते. निवले की जड होऊन बुडत होते आणि खालचे पाणी त्याच्या जागी वर येत होते. दुपारच्या लाटांनी सुरू केलेले ढवळणे शांत रात्रीने पूर्ण केले होते. या उलथापालथीबरोबर हवेतून विरघळलेला प्राणवायूही खाली जातो. त्यावर प्रकाशाखालच्या अंधारात राहणारे मासे जगतात. काठावरून निश्चल दिसणारे पाणी रात्रभर असे काम करत असते.

भांड्यातले किती उडाले?

रविवारी दुपारी आम्ही ते पसरट भांडे पाहिले. शनिवारी दुपारी त्यात जलाशयाचे पाणी भरून खूण केली होती. चोवीस तासांत पातळी सहा मिलिमीटर उतरली होती. लहान भांडे अधिक तापते, म्हणून जलाशयाचा अंदाज काढताना भांड्यातील आकड्याला साधारण ०.७ ने गुणतात. म्हणजे सुमारे चार मिलिमीटर.

“एवढेच?” मी म्हणालो.

मित्राने वही ओढून हिशेब मांडला. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर चार मिलिमीटर म्हणजे ४० घनमीटर, अर्थात ४० हजार लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरले, तर एका हेक्टरवरून एका दिवसात जवळजवळ तीनशे माणसांचे पाणी आकाशात गेले. मे महिन्यात हे प्रमाण दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास जाते, म्हणजे हेक्टरी एक लाख लिटर. आणि जलाशय काही एक हेक्टराचा नसतो.

मित्र थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आमच्या गावी विहिरीला पाणी आहे रे. पण ते पिता येत नाही.”

त्याचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे आहे. तिथे विहीर खणून प्रश्न सुटत नाही. गोडे पाणी दूरच्या धरणातून नळाने आणावे लागते. अकोला शहर काटेपूर्णा नदीवरच्या महानच्या धरणाचे पाणी पिते. अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेड्यांची योजना वान धरणावर उभी राहिली. अशा ठिकाणी जलाशयावरून उडणारा प्रत्येक मिलिमीटर कोणाच्या तरी घागरीतला असतो.

हे उडणे थांबवता येईल का? सीटाइल अल्कोहोलसारख्या पदार्थाचा एका रेणूच्या जाडीचा थर पाण्यावर पसरला तर बाष्पीभवन कमी होते. पण आम्ही ज्या वाऱ्याला भिऊन काठ धरला, तोच वारा हा थर फाडून काठाला लोटतो. पाण्यावर तरंगणारे सौर पट्ट मांडले तर सावली पडते आणि वीजही मिळते. मात्र सारा जलाशय झाकला तर शैवालाला प्रकाश कुठून मिळणार? पूर्ण उपाय अजून हाती नाही. नळ गळका न ठेवणे मात्र आजच हातात आहे.

करून पाहा

उभ्या कडांची तीन सारखी भांडी घ्या. तिन्हींत सारखेच पाणी भरा. एक उन्हात आणि वाऱ्यात, दुसरे उन्हात पण वारा अडेल असे, आणि तिसरे सावलीत ठेवा. रोज ठरावीक वेळी पातळी मोजून आलेख काढा. वारा अधिक पाणी नेतो की ऊन? खारपाणपट्ट्यातील विद्यार्थ्यांनी विहिरीचे पाणी एका बशीत पूर्ण आटू द्यावे आणि बशीत काय उरते ते पाहावे. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात.

रविवारी आम्ही वारा सुटण्यापूर्वीच पलीकडच्या तीराला लागलो. उतरताना मित्राने भांड्यात उरलेले पाणी काठावर न ओतता पुन्हा जलाशयात सोडले. नावाडी हसला. मी हसलो नाही.