एकाचे दोन, दोनाचे चार

पेशंट आलाय गुडघा बदलायला. ताप नाही, खोकला नाही. तरी भरती करतानाच गुदद्वाराचा स्वॅब घेतात, कारण माणूस दुसऱ्या इस्पितळातून आलाय. आतड्यातल्या एका ग्रॅम मळात साधारण दहा हजार कोटी जंतू असतात. बहुतेक निरुपद्रवी. त्यांत शोधायचा तो असा, जो मेरोपेनेमसारख्या राखीव इंजेक्शनलाही दाद देत नाही.

त्याची ओळख पटते त्याच्या जनुकांवरून. त्यांतलं एनडीएम-१ नावाचं जनुक डीएनएच्या अवघ्या ८१३ अक्षरांचं, आणि ते बाळगणाऱ्या क्लेबसिएला जंतूचा पूर्ण मजकूर सुमारे ५५ लाख अक्षरांचा. २००८ साली स्वीडनमध्ये, नवी दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका रुग्णात ते सापडलं. नावात दिल्ली आली म्हणून आपल्याकडे बराच संताप झाला. पण त्याआधीच, मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी छापून टाकलं होतं: अशा औषधांना न जुमानणारे २४ जंतू तपासले, त्यांतल्या २२ मध्ये हेच जनुक.

जुनी रीत म्हणजे कल्चर. जंतूला खाऊपिऊ घालायचं आणि वाट बघायची. सगळं मनासारखं मिळालं तर तो २० मिनिटांत दुप्पट होतो. असाच चालू राहिला तर एका दिवसात ७२ वेळा दुप्पट, म्हणजे एका जंतूपासून सुमारे ४,७०० टन! खाणं संपतं म्हणून आपण वाचतो. पण डोळ्यांना ठिपका दिसायलाही कोट्यवधी जंतू लागतात. रात्र त्यात जाते, औषधं लावून बघण्यात आणखी एक दिवस. तोवर पेशंट जनरल वॉर्डात, सगळ्यांचा संडास एकच.

पीसीआर ही नवी चाचणी काट्याने काटा काढते. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना सुचलं, जंतू वाढवायचाच कशाला? हवा तेवढाच डीएनएचा तुकडा वाढवू. ९५ अंशांपर्यंत तापवलं की डीएनएची वेणी उसवते. निववलं की प्रत्येक पेडाला नवा जोडीदार मिळतो. असं ३० वेळा केलं की कागदावर एकाचे १,०७,३७,४१,८२४. स्वॅबचा नमुना भरलेलं कार्ट्रिज मशीनमध्ये सरकवल्यापासून निकालापर्यंत पाऊण-एक तास. तेवढ्या वेळात खुद्द जंतू जेमतेम दोन-तीनदा दुभंगतो.

मात्र मशीन विचारलं तेवढंच सांगतं. कार्बापेनेम, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंसाठीच्या नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये पाच जनुक-कुळांची चौकशी असते. सहाव्या कुळाचा जंतू आला, तर रिपोर्ट निगेटिव्ह आणि पेशंट पुन्हा जनरल वॉर्डात.