हलकी पिस्टन पिन : वजन नेमके कोठून काढावे?

लहान टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी जी आखूड पोलादी नळी असते तिला पिस्टन पिन म्हणतात. गॅरेजमध्ये तिचा उल्लेख सहसा गजन पिन असा होतो. जळत्या वायूचा सगळा दाब पिस्टनकडून रॉडकडे तिच्यामधूनच जातो, त्यामुळे ती वाकता कामा नये. आणि पिस्टनबरोबर तीही सतत खालीवर होत असल्याने ती जड असूनही चालत नाही. ती घडवण्याचे सारे कौशल्य या दोन मागण्यांची तडजोड कोठे करायची, हे ओळखण्यात आहे.

वजनाला एवढे महत्त्व का, हे भारतात १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलीवरून समजते. तिच्या ९८ घन सेंटिमीटरच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ५० मि.मी. होता आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचा प्रवास, तोही ५० मि.मी.च होता, हे इंजिन मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती देत असे. कनेक्टिंग रॉड स्ट्रोकच्या दुप्पट लांब धरला, तर या वेगाला वरच्या टोकाशी पिस्टनचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,९५० पट भरते, म्हणजे पिनचा प्रत्येक ग्रॅम तेथे जवळजवळ दोन किलो वजनासारखी ओढ घेतो. सुझुकीच्या १९६७ सालच्या ५० सीसी, दोन सिलिंडरांच्या शर्यतीच्या इंजिनात स्ट्रोक अवघा ३० मि.मी. होता, पण फेरे १७,००० च्या पुढे जात. तेथे हाच आकडा ग्रॅममागे सहा किलोंच्या घरात जातो.

वजन कमी करण्याचा सरळ मार्ग म्हणजे पिन आतून पोकळ करणे, आणि त्यामागचे गणित कारागिराच्या बाजूचे आहे. १४ मि.मी. व्यासाची व ४० मि.मी. लांबीची भरीव पोलादी पिन सुमारे ४८ ग्रॅम भरते. तिला ९ मि.मी.चे आरपार भोक पाडले की वजन २८ ग्रॅमवर येते, पण वाकण्याला होणारा विरोध मात्र ८३ टक्के शिल्लक राहतो, कारण हा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो आणि मध्यभागातील धातूचा त्यात वाटा फार थोडा असतो. येथेच मोह सुरू होतो. भोक १० मि.मी. केले तर आणखी पावणेपाच ग्रॅम वाचतात व वाकण्याचा विरोध ७४ टक्के उरतो, म्हणजे वरवर पाहता सौदा फायद्याचाच दिसतो.

मात्र पिन केवळ लांबीत वाकत नाही. दाबाखाली तिचा गोल छेद चपटा होऊन अंडाकृती होतो, आणि या विकृतीला होणारा विरोध भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या घातावर ठरतो. भिंत अडीचवरून दोन मि.मी. झाली की तो जवळजवळ निम्मा होतो. छेद चपटा होताना सर्वाधिक ताण भोकाच्या आतल्या पृष्ठभागावर येत असल्याने बोअरिंगच्या हत्याराने सोडलेला लांबट ओरखडा हीच पुढे तडा जाण्याची जागा ठरते. म्हणून चांगल्या पिनचे भोक बाहेरील पृष्ठभागाइतक्याच आस्थेने घासून गुळगुळीत केलेले असते, जरी वापरणाऱ्याची नजर तेथे कधी जात नसली तरी.

यावरचा जाणता उपाय असा की मधला भाग तसाच ठेवायचा आणि टोकांकडे भोक शंकूसारखे रुंदावत न्यायचे. पिनवरचा वाकवणारा भार रॉडखाली, म्हणजे मध्यभागी, सर्वाधिक असतो व टोकांकडे उतरत जातो. शिवाय टोकांना पिस्टनच्या बॉसचा, म्हणजे पिन ज्या जाड कानांत बसते त्यांचा, आधार असतो. वरच्याच पिनमध्ये मधले १६ मि.मी. न शिवता दोन्ही बाजूंचे १२-१२ मि.मी. ९ पासून ११.५ मि.मी.पर्यंत रुंदावले, तर साडेतीन ग्रॅमहून थोडे अधिक वजन जाते. लेथवर हे काम कंपाउंड स्लाइड सुमारे ६ अंशांवर फिरवून होते. बोअरिंग बार बारीक असल्याने थरथरतो, म्हणून तो शक्य तेवढा आखूड पकडून शेवटचे काप अगदी हलके घ्यावे लागतात, आणि शंकू जेथे सरळ भोकाला मिळतो तेथे पायरी न ठेवता ती कड मोडावी लागते. टोकाशी भिंत सव्वा मि.मी. उरते, ती याहून पातळ केल्यास पिनची धार सर्क्लिपमध्ये, म्हणजे पिन सरकू नये म्हणून बसवलेल्या तारेच्या कड्यामध्ये, रुतू लागते.

हे सगळे पोलाद मऊ असतानाच उरकायचे असते. पिनसाठी १६ एमएनसीआर ५ किंवा ईएन ३५३ यांसारखे कमी कार्बनचे पोलाद घेतात, आकार दिल्यावर ९०० ते ९३० अंश सेल्सिअसला त्याच्या कातडीत कार्बन मुरवतात व नंतर तेलात विझवून पुन्हा मंद तापवतात. यामुळे बाहेर कठीण कवच आणि आत चिवट गाभा अशी रचना मिळते. टोकाची भिंत सव्वा मि.मी. असेल आणि कार्बन दोन्ही बाजूंनी अर्ध्या मि.मी.हून खोल मुरला, तर गाभा जवळपास उरतच नाही आणि पिन काचेसारखी ठिसूळ होते. म्हणून हलक्या पिनसाठी कवचाची खोलीही कमी ठेवावी लागते. अखेरीस सेंटरलेस ग्राइंडिंगवर, जेथे पिन कोठेही न पकडता दोन चाकांमध्ये पट्टीवर फिरत घासली जाते, बाहेरचा व्यास काही मायक्रॉनांच्या आत आणतात.

टू-स्ट्रोकमध्ये या कठीणपणाला आणखी एक कारण आहे. फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरा दाबाचा, तर दुसरा मोकळा असतो आणि त्या मोकळ्या फेऱ्यात तेलाला सांध्यात शिरायला अवसर मिळतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला ज्वलन असल्याने भार बहुतेक वेळ एकाच दिशेने राहतो, आणि तेलही पेट्रोलबरोबर येईल तेवढेच. म्हणून रॉडच्या लहान टोकात सुयांचे बेअरिंग घालतात आणि त्या सुया थेट पिनवर धावतात. काही टू-स्ट्रोक पिनांचे भोक मध्यभागी किंवा एका टोकाशी मुद्दाम बंद ठेवतात, कारण आरपार भोकामुळे वायूला एका पोर्टकडून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील वायूमार्गाकडून, दुसऱ्याकडे जायला आडवाट मिळू शकते. तेवढे ग्रॅम वाचवण्यात अर्थ नसतो.

टायटेनियमची पिन मोहक वाटते, पण तो धातू पोलादाच्या निम्माच ताठ आणि घासला की चिकटणारा असल्याने लेप दिल्याखेरीज निरुपयोगी ठरतो. शिवाय एकसिलिंडरी इंजिनाचा क्रँक ठरावीक वजनाच्या पिस्टन-पिनसाठीच समतोल केलेला असतो. त्यामुळे बरेच ग्रॅम काढले की थरथर कोणत्या तरी वेगाला कमी आणि कोणत्या तरी वेगाला जास्त होते.

कडक केलेली जुनी पिन कार्बाइडच्या हत्याराने आतून कोरण्याचा प्रकार गॅरेजांमध्ये आढळतो, तो टाळावा. तेथे कार्बन मुरलेली आतली कातडी, म्हणजे तडा रोखणारा थरच, निघून जातो. ज्यांना हलकी पिन हवी आहे त्यांनी ती मऊ पोलादातून नव्याने करून घ्यावी, आणि फवारणी पंप किंवा गवत कापायच्या यंत्रासाठी मूळ पिनच वापरावी.