चित्रपटांची स्तुती आणि घरातील निवाडा

कळवणासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबांना चित्रपटाची कीर्ती आधी ऐकू येते आणि चित्रपट मागाहून दिसतो; पुष्कळदा तो दिसतही नाही. आगगाडी गावापर्यंत आलेली नाही. नाशिकला जावयाचे तर डोंगररस्त्याने बसचा प्रवास. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना घेऊन निघावयाचे म्हणजे तो एक समारंभच होतो, आणि कोणता चित्रपट पाहावा याचा निकाल आधी घरी बसूनच लावावा लागतो. आता चित्रपट हातातील फोनवर आले, तरी ही अडचण कमी न होता वाढलीच आहे. पूर्वी दोहोंतून एक निवडावयाचा असे, आता शेकड्यांतून. अशा वेळी आधार असतो तो वृत्तपत्रांतील परीक्षणांचा आणि पारितोषिकांच्या बातम्यांचा. तो आधार कितपत घ्यावा, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

या विषयात बोलण्याचा आमच्या जिल्ह्याचा हक्क जुना आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईस गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने वठविल्या! त्या काळी पडद्यावरची आकृती हलते हीच नवलाई होती. परंतु नवलाईची स्तुती फार काळ पुरत नाही. कशाची आणि का, हे सांगणारी स्तुतीच पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते.

‘प्रभात’च्या ‘संत तुकारामा’चे उदाहरण पाहावे. दामले आणि फत्तेलाल यांचा हा बोलपट १९३६ साली निघाला, मुंबईस वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. ज्यांना पांडुरंग ठाऊक नाही, अभंग म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्या परकीयांना त्यात काय दिसले असेल? केवळ वैकुंठगमनाचा चमत्कार नव्हे, असे आम्हांस वाटते. चमत्कार इतर संतपटांतही होतेच. येथे आहे ती जिजाई. म्हशीची निगा राखणारी, पोरांच्या पोटाची चिंता वाहणारी, आजारी मुलासाठी देवळात शिरून प्रत्यक्ष देवालाच खडसावणारी. विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांइतकीच गौरीबाईंची ही जिजाई मोठी आहे. संत ज्या घरात राहतो ते घर कोणीतरी चालवीत असते, ही गोष्ट या चित्रपटाने दाखविली. नुसते ‘भक्तिरसपूर्ण’ असे म्हणून जे परीक्षण थांबते, त्याने यातले काहीच सांगितलेले नसते.

त्याच ‘प्रभात’चा, पुढच्याच वर्षीचा ‘कुंकू’ घ्या. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरून शांतारामबापूंनी तो काढला. म्हाताऱ्याशी लावून दिलेले लग्न मनाने न स्वीकारणारी नीरा, म्हणजे शांता आपटे, हा त्याचा विषय. पार्श्वसंगीत गाळून केवळ नित्याच्या आवाजांवर प्रसंग उभे केले, म्हणून जाणकार त्याची वाखाणणी करतात. ती रास्तच आहे. पण ज्या घरांत अशी लग्ने झाली होती तेथे हा बोलपट पाहून आलेल्या लेकीसुनांना त्या कारागिरीचा अर्थ निराळा लागला असेल. भिंतीवरील घड्याळाचे ठोके त्यांनी आपल्या घरीही ऐकले होते.

हास्यपटाच्या बाबतीत मात्र आमच्या समीक्षकांचा हात आखडता असतो, अशी आमची तक्रार आहे. अत्र्यांची कथा आणि मास्टर विनायकांचे दिग्दर्शन असलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८ चा. त्यातील मीनाक्षीबाईंच्या जलक्रीडेने वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या, तो भाग निराळा. परंतु ढोंगी व्रताची त्यातील थट्टा नेमकी होती. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आज तीन पिढ्या एकत्र बसून पाहतात आणि संवाद एकमेकांच्या आधी म्हणतात. ज्या घरात पथ्यपाणी, परीक्षा आणि पाहुणे एकाच वेळी असतात, तेथे सर्वांना एकदम हसविणे हे लहान काम नव्हे. त्याची स्तुती गंभीर चित्रपटाच्या स्तुतीइतक्याच काळजीने लिहिली गेली पाहिजे.

पारितोषिकांचा हिशेब तर याहूनही सावधपणे वाचावा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ साली प्रथम दिले गेले, ते अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. (साने गुरुजींनी मूळ पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे येथे अभिमानाने नमूद करतो.) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान मराठीस पुन्हा मिळाला तो थेट २००४ साली, ‘श्वास’ला. मध्ये पन्नास वर्षे गेली. त्या पन्नास वर्षांत पुण्यास सव्वाशेहून अधिक आठवडे चाललेला ‘सांगत्ये ऐका’ झाला, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला ‘सामना’ झाला. पदक नाही म्हणून गुण नाही, असे मानणारे घर यांस मुकले असते.

उलट, पदकाच्या भरवशावर बसणाऱ्यांची निराशाही होते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला दोन मान मिळवून आला, पुढे राष्ट्रीय पारितोषिकही त्याला लाभले. वकिलांची खणखणीत भाषणे ऐकावयास मिळतील या आशेने जो बसेल तो पंधरा मिनिटांत उठेल. तेथे तारखा पडतात, कागद वाचले जातात, कॅमेरा जागचा हलत नाही. आणि त्या कंटाळवाण्या संथपणातच एका लोकशाहिराचे आयुष्य हळूहळू झिजत जाते. ‘अप्रतिम’ या एका शब्दाने हे कळावे कसे?

परीक्षणाचे खरे मोल आम्हांस जाणवते ते ‘फँड्री’सारख्या चित्रपटापाशी. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा चित्रपट. २०१४ मध्ये तो चित्रगृहांत आला. कैकाडी मुलगा, वरच्या जातीच्या मुलीविषयीची त्याची मुकी ओढ, आणि गावासमोर डुकरे पकडण्याची त्याच्यावर येणारी पाळी. आमच्यासारख्या घरांत असा चित्रपट आपणहून कोणी लावला नसता. ‘करमणुकीला हे कशाला’ असेच म्हटले गेले असते. जाणकारांनी आवर्जून सांगितले म्हणून तो पुष्कळ घरांत शिरला. त्यातील शेवटचा दगड कोणाच्या रोखाने येतो, हे ओळखण्यास समीक्षकाची गरज पडत नाही. त्यानंतर दिवाणखान्यात जी शांतता पसरते, तिच्यात बसून राहावयाची तयारी मात्र हवी.

आता कळवणच्या वाचकांसाठी खास ‘देऊळ’. उमेश कुलकर्णी यांचा हा २०११ चा चित्रपट राष्ट्रीय सन्मान घेऊन आला. खेड्यातल्या एका साध्या गुराख्याला दत्ताचा साक्षात्कार होतो, इस्पितळाची योजना मागे पडते, देऊळ उभे राहते आणि गावात पैसा खेळू लागतो. शहरी परीक्षणांनी ‘श्रद्धेच्या बाजारावरील उपहास’ म्हणून त्याची तारीफ केली. पण सप्तशृंग गड कळवण तालुक्यातच आहे. चैत्रात आणि नवरात्रात लोटणारी गर्दी, नारळ-बांगड्यांची दुकाने, नांदुरीचा पायथा, २०१८ पासून सुरू झालेली ट्रॉली, हे सारे आमच्या वाचकांच्या नित्याच्या पाहण्यातले. यात्रेच्या दोन महिन्यांवर ज्या घराची वर्षाची चूल पेटते, त्या घरातील माणूस ‘देऊळ’ पाहून हसेल खरा. पण बाजार नको तर आम्ही खावे काय, आणि बाजार हवा तर इस्पितळ कोणी बांधावयाचे, हे दोन्ही प्रश्न तो एकाच दमात विचारील.