धातूचा आयन बसतो कोठे?

आनुवंशिक माहिती साठविणारा डीएनएचा रेणू पीळ दिलेल्या शिडीसारखा असतो. साखर व फॉस्फेट यांच्या साखळ्या हे तिचे दोन खांब, तर अॅडेनीन-थायमीन आणि ग्वानीन-सायटोसीन या क्षारकांच्या जोड्या या तिच्या पायऱ्या होत. फॉस्फेट गटांवर ऋण विद्युत्‌भार असल्यामुळे धातूंचे धन आयन या रेणूकडे ओढले जातात. तथापि आयन खांबाला चिकटतो की पायरीला, यावर शिडीचे भवितव्य अवलंबून असते.

हे ओळखावयाचे कसे? येथे वर्णपट उपयोगी पडतो. क्षारक २६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे जंबुपार किरण शोषून घेतात. ते एकमेकांवर नीट रचलेले असताना शोषण कमी असते. उष्णतेने जोड्या तुटून धागे विलग झाले, की शोषण सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. यावरून शिडी कोणत्या तापमानास उलगडते ते कळते. अवरक्त वर्णपटात क्षारकांचे आणि फॉस्फेटांचे पट्टे निरनिराळ्या जागी उमटतात. त्यांपैकी कोणता पट्टा सरकला, हे पाहून आयनाच्या ठिकाणाचा अंदाज बांधता येतो.

अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ गुंथर आइकहॉर्न यांनी १९६२ साली धातूंच्या या दुहेरी वर्तनाकडे लक्ष वेधले. मॅग्नेशियम मुख्यतः फॉस्फेटांचा ऋणभार शमवितो. त्यामुळे खांबांमधील परस्पर-प्रतिसारण घटते व शिडी अधिक उष्णता सोसते. तांबे मात्र क्षारकांशीही बंध जोडते, आणि शिडी कमी तापमानासच उलगडते. पुढे १९६५ साली असे दिसून आले, की तांब्याच्या सान्निध्यात उलगडलेले धागे द्रावणात भरपूर मीठ घातल्यास पुन्हा जुळतात.

क्षारकाशी जडणारा प्रत्येक धातुबंध इतक्या सहजपणे सुटत नाही. सिसप्लॅटिन या औषधातील प्लॅटिनम शेजारशेजारच्या दोन ग्वानिनांच्या सातव्या स्थानावरील नायट्रोजन-अणूंना घट्ट धरून ठेवतो. तेथे शिडी वाकते, तिची नक्कल होण्यात अडथळा येतो आणि कर्कपेशी मरू शकते. अमेरिकेत १९७८ साली या औषधास मान्यता मिळाली. परंतु निरोगी पेशींतील ग्वानीनही तेच असल्याने औषधाचा उपद्रव त्यांनाही पोहोचतो. म्हणून धातू कोठे बसतो हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही. रुग्णाच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा ठरतो.