साखर औषध कधी, आणि नुसतीच साखर कधी?

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडली की हिमायतनगरच्या वस्त्यांमध्ये लेकरांना जुलाब लागायला वेळ लागत नाही. मग घरचं माणूस मेडिकलवर धावतं आणि 'ओआरएस द्या' म्हणतं. गेली काही वर्षं कित्येकांच्या हाती पुडीऐवजी गोड पाण्याची रंगीत डबी पडत होती. डबीवर 'ओआरएस' ही अक्षरं मोठी असायची. 'हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले ओआरएस नाही', ही ओळ मात्र बारीक अक्षरात आणि इंग्रजीत असायची. ती आपल्यापैकी कितीजणांनी वाचली असेल?

साखर घातलेली कितीतरी उत्पादनं 'आरोग्याची' म्हणून विकली जातात. काही दावे खरे असतात, काही पोकळ. दोन्हींतला फरक ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. आम्ही वस्तीतल्या आयाबायांना तो कसा समजावतो, तेच इथे मांडतो.

साखरेचा खरा गुण

ओआरएसमध्ये साखर चवीसाठी नसते. आतड्यात एक दार असं आहे की तिथून ग्लुकोज आणि मीठ जोडीनेच आत जातात आणि त्यांच्या मागे पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे दार उघडं असतं. म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, नुसती साखरही उपयोगाची नाही. दोन्हींचं माप जुळावं लागतं.

हे माणसांवर तपासलं गेलं आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि रोग्यांना पाजायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केला.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आधी एक लिटर ओआरएसमध्ये २० ग्रॅम ग्लुकोज असायचं. शास्त्रज्ञांनी जुन्या आणि कमी साखर-मिठाच्या द्रावणाची मुलांवर तुलना केली. कमी साखरेच्या द्रावणाने उलट्या कमी झाल्या आणि सलाईन लावायची वेळ सुमारे एक-तृतीयांशाने कमी आली. म्हणून २००२ साली ग्लुकोज १३.५ ग्रॅमवर आणलं गेलं. पुरावा म्हणतात तो असा. तो हाती आला की स्वतःचं औषधसुद्धा बदलावं लागतं.

साखर मापाबाहेर गेली की उलटं होतं. आतड्यातली दाट साखर शरीरातलं पाणी आतड्याकडे ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणजे गोड डबीने लेकराचं पाणी भरून येण्याऐवजी आणखी जाऊ शकतं.

एका डॉक्टरबाईंची लढाई

शेजारच्या हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अशा पेयांविरुद्ध अनेक वर्षं लढल्या. एप्रिल २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 'ओआरएस' नाव वापरायला मनाई केली. पण त्याच वर्षी जुलैत ती बारीक इशाऱ्याची ओळ छापण्याच्या अटीवर पुन्हा मोकळीक दिली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मोकळीक मागे घेतली गेली. आता खाद्यपेयाच्या नावात, पुढे किंवा मागे, 'ओआरएस' लावता येत नाही. काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, पण न्यायालयाने बंदीत हात घालायला नकार दिला. तरी पेयं नाव बदलून येऊ शकतात. म्हणून डोळे आपलेच उघडे हवेत.

दुधात घालायची पावडर

हाच प्रश्न डब्यातल्या पावडरींचा. मुलं उंच, बळकट आणि हुशार होतात असं सांगणारी हॉर्लिक्सची जाहिरात २००८ साली ब्रिटनमध्ये दिसली, तेव्हा तिथल्या जाहिरात नियामकाने ती पुन्हा दाखवायला मनाई केली. ती बनवली होती बांगलादेशासाठी. म्हणजे गोऱ्यांच्या लेकरांना जो दावा चालला नाही, तो आपल्याकडच्या लेकरांना चालवून घेतला जात होता.

भारतात एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवरचा एक व्हिडिओ गाजला. कंपनीच्या नोटिशीनंतर तो काढावा लागला, पण बाल हक्क आयोगाने कंपनीला जाब विचारला. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढायला सांगितलं, कारण आपल्या अन्न कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या कंपनीनेही 'हेल्थ' शब्द सोडला.

विचारायचे तीन प्रश्न

पहिला, तुलना कशाशी केली? पावडर घातलेलं दूध पिऊन मूल वाढलं, तर गुण पावडरीचा की दुधाचा? एका गटाला नुसतं दूध आणि दुसऱ्याला पावडरीचं दूध देऊन पाहिल्याशिवाय ते कळत नाही. शेजारणीचा पोरगा उंच झाला, हा पुरावा नव्हे. पोरगं त्या वयात वाढतंच.

दुसरा, तपासलं कोणी? विकणाऱ्याच्याच पैशाने झालेला अभ्यास असेल तर दुसऱ्या कोणी तो करून पाहिला का, हे विचारा.

तिसरा, साखर किती? डब्याच्या मागे 'ॲडेड शुगर'चा आकडा असतो, शिकणाऱ्या मुलामुलींकडून तो वाचून घ्या. १०० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम लिहिलं असेल, तर २० ग्रॅम पावडरीत सहा ग्रॅमहून जास्त, म्हणजे सुमारे दीड चमचा साखर झाली. वरून आपण आणखी घालतो ती वेगळीच. मोठ्या माणसाने दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. लेकराचं माप त्याहून कमी.

उन्हातून आल्यावर घ्यायच्या ग्लुकोजच्या पुडीलाही हेच प्रश्न लावा. ती मुख्यतः साखरच आहे. घरात शुगरचा पेशंट असेल तर थकव्यावर ती देऊ नका, आधी रक्त तपासा.

आपल्या घरात काय करायचं

जुलाब लागले की आशाताईंकडून किंवा ग्रामीण रुग्णालयातून ओआरएसची पुडी घ्या, ती फुकट मिळते. मेडिकलवर घेतलीत तर पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिला आहे का, ते पाहा. मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच कालवा, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. अंदाजाने जास्त टाकू नका.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या लेकराला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्या. डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं, पाणी पिईना किंवा संडासात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि पावडरीच्या डब्याचे पैसे? त्यात अंडी, शेंगदाणे, फुटाणे, डाळ आणि साधं दूध येतं. त्यांची जाहिरात कोणी करत नाही, पण लेकराचं अंग त्यांनीच भरतं.