विश्लेषण : डोळ्याच्या पडद्याच्या आजाराचा ‘कोड’ चुकला तर काय होते?

डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, उपचार झाले की रुग्णालयाच्या कागदांवर ‘एच ३५.३’ किंवा ‘एच ३६.०’ असे काहीतरी लिहिलेले असते. रुग्णाचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. पण विम्याच्या दाव्यात आजार नेमका कोणता आणि तो कशामुळे झाला, हे याच चार-पाच अक्षरांतून सांगितले जाते.

हा कोड येतो कुठून?

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून. त्याचे मूळ १८९३ मधील मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली, तर अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. भारतात विमा दाव्याच्या प्रमाणित अर्जाचा ‘भाग ब’ रुग्णालय भरते. त्यात मुख्य आजार, अतिरिक्त आजार आणि सहव्याधी यांसाठी आयसीडी-१० कोडचे रकाने असतात.

पडद्याच्या आजारांचे कोड कोणते?

डोळ्यांच्या आजारांचे कोड ‘एच’ अक्षराने सुरू होतात. त्यातील एच ३० ते एच ३६ हा गट पडदा आणि त्यामागील रक्तवाहिन्यांच्या थराचा आहे. पडदा फाटणे किंवा सुटणे एच ३३ मध्ये येते, तर पडद्याची रक्तवाहिनी बंद होणे एच ३४ मध्ये. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारी रेटिनोपॅथी एच ३५.१ आहे. पडद्याच्या मध्यभागाची, म्हणजे मॅक्युलाची झीज एच ३५.३ मध्ये मोडते. मोतीबिंदू (एच २५, एच २६) आणि काचबिंदू (एच ४०) यांचे गट वेगळे आहेत.

मधुमेहात दोन कोड कशासाठी?

मधुमेहामुळे पडदा खराब होतो तेव्हा आजार डोळ्यात दिसतो, पण त्याचे कारण रक्तातील साखर असते. म्हणून कोडही जोडीने लिहायचे असतात. टाइप २ मधुमेहामुळे डोळ्यांत झालेल्या गुंतागुंतीसाठी ई ११.३ आणि डायबेटिक रेटिनोपॅथीसाठी एच ३६.०. यातील दुसऱ्या कोडवर तारांकन असते. त्याचा अर्थ, हा कोड एकटा वापरायचा नाही, कारणाचा कोड सोबत हवाच.

कोड ढोबळ असेल तर?

‘एच ३५.९’ म्हणजे पडद्याचा आजार आहे, पण कोणता ते नमूद नाही. अशा कोडवरून महागडे इंजेक्शन का दिले, हे कळत नाही. एच ३५.३ मध्येही वयोमानानुसार होणारी झीज आणि मॅक्युलाला पडलेले छिद्र असे दोन्ही आजार येतात. झिजेच्या ‘ओल्या’ प्रकारात डोळ्यात इंजेक्शन देतात, छिद्रासाठी बहुधा शस्त्रक्रिया लागते. शिवाय मूळ आयसीडी-१० मध्ये उजवा-डावा डोळा कळत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ पासून वापरात असलेल्या सुधारित आवृत्तीत डोळा आणि आजाराचा टप्पाही कोडमध्येच येतो. आपल्याकडे ही माहिती शब्दांत लिहावी लागते.

विम्याचा संबंध कुठे येतो?

डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने विमा संरक्षणातून वगळता येत नाहीत, असे ‘इर्डा’ने २०१९ मध्ये स्पष्ट केले. खर्चावर मर्यादा मात्र घालता येते. आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे. त्यामुळे मधुमेह केव्हापासून आहे, ही नोंद कळीची ठरते. केसपेपरवर अंदाजाने लिहिलेले ‘दहा वर्षांपासून’ पुढे महागात पडू शकते. मात्र दाव्यासाठी मधुमेहाचा कोड गाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. साखरेचे अहवाल आणि पडद्याचे ओसीटी स्कॅन सोबत जोडलेले असतात. कागद एकमेकांशी जुळले नाहीत, तर खऱ्या दाव्यावरही शंका येते.

रुग्णाने काय पाहावे?

कोड लिहिणे हे रुग्णालयाचे काम आहे. पण डिस्चार्ज कार्ड हातात घेताना चार गोष्टी पाहता येतात : आजाराचे पूर्ण नाव लिहिले आहे का, डोळा कोणता ते नमूद आहे का, मधुमेह असल्यास दोन्ही कोड आहेत का आणि मधुमेहाचा कालावधी खरा आहे का. काही चुकले असेल तर दावा पाठवण्यापूर्वीच डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह दुरुस्ती करून घ्यावी. दावा फेटाळल्यानंतर तीच दुरुस्ती पटवून देणे अवघड जाते.

डायबेटिक रेटिनोपॅथी सुरुवातीला कोणतेही लक्षण दाखवत नाही. म्हणून टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करायला सांगितले जाते. त्या तपासण्यांचे कागद जपून ठेवले, तर डोळ्यांवर वेळीच उपचार होतात आणि आजार केव्हा सुरू झाला, याचा पुरावाही हाताशी राहतो.