विश्लेषण : रजेवरून उशिरा परतलेल्या जवानाची नोकरी जाते का? दाद कुठे मागायची?

भोर आणि वेल्हे तालुक्यात जुलै म्हणजे भातलावणीचा महिना. घाटात दरडी कोसळतात, ओढ्यांना पाणी येते आणि घरात कामाला माणसे कमी पडतात. अशा वेळी रजेवर आलेला जवान ‘चार दिवस जास्त राहिलो तर काय होणार?’ म्हणत थांबतो. लष्करी कायद्यात हे चार दिवस ‘विनारजा गैरहजेरी’ ठरतात. असे वारंवार झाले तर नोकरी आणि पेन्शन दोन्ही धोक्यात येतात. मात्र कारवाईची पद्धत ठरलेली आहे. ती पाळली गेली नाही तर जवानाला दाद मागता येते.

गैरहजेरीची शिक्षा काय?

लष्कर कायदा, १९५० च्या कलम ३९ नुसार विनारजा गैरहजेरीसाठी कोर्ट मार्शलमध्ये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. किरकोळ प्रकरणे मात्र कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसरपुढेच निकाली निघतात. तेथे २८ दिवसांपर्यंत लष्करी कोठडी किंवा १४ दिवसांपर्यंतच्या पगाराइतका दंड होऊ शकतो. मोठ्या शिक्षेची नोंद लाल शाईने होते. हीच ‘रेड इंक एन्ट्री’. सलग ३० दिवस गैरहजर राहिल्यास चौकशी न्यायालय बसते आणि त्यानंतर जवान पळपुटा मानला जाऊ शकतो.

चार लाल नोंदी झाल्या की आपोआप घरी?

नाही. डिस्चार्जपूर्वी निःपक्ष प्राथमिक चौकशी व्हावी, असे लष्कर मुख्यालयाचे २८ डिसेंबर १९८८ चे धोरण सांगते. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा उचलून धरला. केवळ चार नोंदी मोजून जवानाला काढता येत नाही. चूक किती गंभीर होती, सेवा किती झाली, कठीण ठिकाणी किती काळ काढला आणि पेन्शनला किती अवधी उरला आहे, हे पाहावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. त्या जवानाची पेन्शनपुरती सेवा पूर्ण झाल्याचे मानले गेले. मागील पगार मात्र मिळाला नाही.

म्हणून निर्धास्त राहून चालत नाही. सात वेळा गैरहजर राहिलेल्या आणि त्याचे समाधानकारक कारण न दिलेल्या जवानाचा डिस्चार्ज २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला.

डिस्चार्ज आणि बडतर्फी यांत फरक काय?

जवानाला सेवा पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची पात्र सेवा लागते. ती पूर्ण झाल्यावर डिस्चार्ज झाला तर पेन्शनची पात्रता राहते. बडतर्फीत मात्र आधीच्या सेवेचे पेन्शन आणि ग्रॅच्युइटी यांवरही पाणी सोडावे लागू शकते. त्यामुळे आदेशात नेमका कोणता शब्द आहे, हे आधी पाहावे.

कारणे दाखवा नोटीस आली तर?

लाल नोंदींवरून होणाऱ्या डिस्चार्जचा आदेश ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडर देतो. त्याआधी येणाऱ्या नोटिशीचे उत्तर ही जवानाची मोठी संधी असते. ‘घरची अडचण होती’ एवढे एक वाक्य पुरत नाही. प्रत्येक गैरहजेरीची तारीख, कारण आणि पुरावा द्यावा. दवाखान्याचे कागद, ग्रामपंचायतीचा दाखला, रस्ता बंद असल्याची सरकारी सूचना, युनिटला पाठवलेला संदेश, सारे जपून ठेवावे. रजेवर आजारी पडल्यास युनिटला लगेच कळवावे आणि जवळच्या लष्करी रुग्णालयात हजर व्हावे. भोर-वेल्ह्यातील जवानाला खडकीचे रुग्णालय आहे.

वकील मिळतो का?

कमांडिंग ऑफिसरपुढील सुनावणीत वकील नसतो, पण साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. जनरल कोर्ट मार्शलमध्ये बचाव अधिकारी मिळतो आणि स्वतःचा वकीलही नेमता येतो. समरी कोर्ट मार्शलमध्ये मदतनीस सोबत ठेवता येतो. तो सल्ला देऊ शकतो, युक्तिवाद करू शकत नाही. खटल्याआधी किमान ९६ तासांची पूर्वसूचना मिळायला हवी. प्रत्यक्ष मोहिमेवर असताना ही मुदत २४ तासांची असते.

न्यायालयात कधी जाता येते?

आधी लष्करातच वरिष्ठांकडे तक्रार किंवा अर्ज करावा लागतो. अंतिम आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. अर्जावर सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यापुढील सहा महिन्यांत दाद मागता येते. सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. महाराष्ट्रासाठी या न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. तेथे जवान स्वतःही बाजू मांडू शकतो. बदली आणि रजा यांच्या तक्रारी मात्र तेथे चालत नाहीत. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट दाखल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले.

पैसे नसतील तर?

वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांच्या आत असलेल्यांना राज्यात मोफत विधी सहाय्य मिळते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. नोकरीत असलेल्या जवानाचा पगार या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. पण नोकरी गेल्यावर उत्पन्न थांबते, तेव्हा अर्ज जरूर करावा. तालुका विधी सेवा समिती किंवा शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १५१०० ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही मार्गदर्शन मिळू शकते. जवान व कुटुंबीयांसाठी जुलै २०२५ मध्ये ‘वीर परिवार सहाय्यता योजना’ सुरू झाली असून सैनिक मंडळांत विधी सेवा केंद्रे उभारणे हा तिचा भाग आहे.

घरच्यांनी काय करावे?

आदेशाची प्रत, ती हाती पडल्याची तारीख आणि पाकीट जपून ठेवावे. ‘साहेब बघतील’ या आशेवर महिने जाऊ देऊ नयेत. सेवेची कागदपत्रे मिळत नसतील तर संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तर बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आहे. आणि जवान अजून घरीच असेल, तर पहिला उपाय एकच : आजच युनिटला कळवून परत हजर होणे.